थॉमसन रोडवरचं चार लिटर पाणी

सिंगापूरला राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आणि गेले पंधरा दिवस मी त्यातच अडकलो आहे. त्यांच्याकडे साठच्या दशकातली एक ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार आहे, दोन सीटची, चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेली. तीन महिने ती झाकून ठेवलेली होती. एका रविवारी सकाळी त्यांनी ती बाहेर काढली, गावभर फिरवली आणि शेवटी ओल्ड अप्पर थॉमसन रोडवर नेली. एका वळणाआधी ब्रेक दाबला, तर पेडल थेट तळाला गेलं. चार-पाचदा भराभर पंप केल्यावर गाडी कशीबशी थांबली. पुढच्या एका चाकापाशी करपल्याचा वास येत होता आणि रिमला हात लावता येत नव्हता. अर्ध्या तासानं, काहीही दुरुस्ती न करता, पेडल पुन्हा पहिल्यासारखं घट्ट! ‘इथल्या विषुववृत्तावरच्या उन्हानं ब्रेक उकळले, असं मेकॅनिक म्हणतो. हे खरं आहे का?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तराआधी त्या रस्त्याबद्दल सांगायलाच हवं. भाचीकडे गेलो होतो तेव्हा मी तो पायी चाललो आहे. आता एकच लेन उरलेला, एकेरी वाहतुकीचा, दोन्ही बाजूंनी जंगलानं कवेत घेतलेला रस्ता. दुसरी लेन मुद्दाम झाडांना देऊन टाकली, म्हणजे वर फांद्या जुळतील आणि तिथल्या दुर्मिळ पट्टेरी वानरांना खाली डांबरावर न उतरता पलीकडे जाता येईल. शेजारच्या थॉमसन नेचर पार्कमध्ये जुन्या हैनानी वस्तीची जोती शेवाळलेली दिसतात. इथे कधी इंजिनांचा गडगडाट होता, हे सांगितल्याशिवाय कळणार नाही.

पण तो होता. १९६१ ते १९७३ या काळात हाच रस्ता आणि त्याला समांतर जाणारा अप्पर थॉमसन रोड मिळून ४.८६५ किलोमीटरची शर्यतीची फेरी व्हायची. दुसऱ्या वर्षापासून मलेशियन ग्रां प्री, सिंगापूर स्वतंत्र झाल्यावर १९६६ पासून सिंगापूर ग्रां प्री. एका बाजूला ‘थॉमसन माइल’ हा लांब सरळ पट्टा, त्यात गाडीची चाकं जमिनीवरून सुटतील असा एक उंचवटा. त्याच्या टोकाला सर्कस हेअरपिन, मग ‘स्नेक्स’ नावाची नागमोडी वळणं, आणि पुढे डेव्हिल्स बेंड. दोन्हीकडे विजेचे खांब, गटारं, बसथांबे. पहिली शर्यत इयान बार्नवेल यांनी ॲस्टन मार्टिन डीबी३एस घेऊन जिंकली. दुसऱ्या वर्षी यॉंग नाम की यांनी जॅग्वार ई-टाइप घेऊन. १९६९ ते १९७१ सलग तीन वर्षं न्यूझीलंडचे ग्रॅम लॉरेन्स. १९६४ ची शर्यत मात्र मुसळधार पावसानं मध्येच सोडून द्यावी लागली.

असे रस्ते मला इंजिनापेक्षा ब्रेकमुळे आवडतात. शर्यतीच्या वर्णनात अश्वशक्तीचे आकडे ठळक असतात, पण थॉमसन रोडसारख्या वाटेवर खरा प्रश्न एवढाच असतो : ही उष्णता ठेवायची कुठे?

हिशेब सोपा आहे. गाडी बाराशे किलोची धरा. सरळ पट्ट्यावरून ती ताशी १६० किलोमीटरनं हेअरपिनकडे येते आहे. तिची गतिज ऊर्जा भरते जवळपास १२ लाख ज्यूल. तेवढ्या ऊर्जेत ३० अंशांवरचं चार लिटर पाणी उकळीला येतं. घरच्या गॅसवर त्याला दहा-बारा मिनिटं लागतील. चांगल्या टायरवर पूर्ण ब्रेक मारला तर गाडी थांबायला लागतात पावणेसहा सेकंद. म्हणजे ब्रेकची ताकद त्या वेळात सरासरी सुमारे २८० अश्वशक्ती होते. ई-टाइपचं इंजिन कंपनीच्या सांगण्यानुसार २६५ अश्वशक्तीचं होतं. गाडीतलं सगळ्यात जोरकस यंत्र बॉनेटखाली नसतं, ते चाकांत असतं.

आणि इथे पाणी नाही, बीड आहे. चार चाकांत मिळून वीस किलो बिडाचं लोखंड धरलं, तर एका दाबात ते १३० अंशांनी तापतं. निवायच्या आधी पुढचं वळण येतं. मग त्याच्या पुढचं. फेरीमागून फेरी.

जुन्या ड्रम ब्रेकची खोड नेमकी इथे उघडी पडते. ड्रममध्ये लायनर लावलेले शू आतून बाहेर दाबले जातात. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून दूर पळतो, आणि पेडल खोल जातं. त्यात आणखी एक गंमत आहे. पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच ओढला जाऊन जास्त घट्ट बसतो, दाराखाली पाचर मारावी तसा. दार जितकं ढकलाल तितकी पाचर रुतते. थंड असताना ही फुकटची मदत छान वाटते. पण तापलेल्या लायनरचं घर्षण थोडंसं कमी झालं की पाचरेची पकड दुप्पट-तिप्पट वेगानं ढासळते. घाटात लाल डब्याचा ड्रायव्हर दुसऱ्या गिअरात गाडी गुरगुरवत उतरवतो, ते यासाठीच. सोळा टनांचा ट्रक शंभर मीटर उंचीवरून खाली येतो तेव्हा त्याच्याकडे पन्नासेक लिटर पाणी उकळवण्याइतकी ऊर्जा असते, तांब्याचा मोठा बंब भरेल इतकं पाणी. ती इंजिनानं पचवायची की ब्रेकवर टाकायची, हे गिअर ठरवतो. पुण्याच्या वाचकांना नवले पुलाचा उतार आठवेल. ‘ब्रेक फेल’ म्हणून आपण छापतो त्या कित्येक बातम्यांत ब्रेक तुटलेले नसतात, तापून थकलेले असतात.

डिस्कचं उलट. ती उघड्या हवेत फिरते, तापली की जाड होते, म्हणजे पॅडच्या दिशेनं फुगते. पाचरेची मदत नाही म्हणून दाब जास्त लागतो, पण जितका दाब तितकाच ब्रेक, कमी नाही की अचानक जास्त नाही. पावसाचं पाणी ती फिरताना झटकून टाकते, ड्रममध्ये ते साठतं.

आता ज्यांच्यासाठी मला हा लेख लिहावासा वाटला, त्यांच्याकडे येतो. डिस्क ब्रेकची गोष्ट बहुतेक ठिकाणी १९५० च्या दशकात सुरू होते : १९५२ च्या मिल्ले मिल्या शर्यतीत स्टर्लिंग मॉस आणि जॅग्वारचे चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस यांनी डनलॉपच्या डिस्क बसवलेली सी-टाइप उतरवली आणि पुढच्या वर्षी ल मान्सला त्या ब्रेकच्या जोरावर जॅग्वार जिंकली. हे सगळं खरं. पण त्याच्या पन्नास वर्षं आधी, १९०२ साली, बर्मिंगहॅममध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी चाकाबरोबर फिरणारी पातळ तबकडी आणि तिला दोन्हीकडून चिमटीत धरणारे पॅड यांचं पेटंट घेतलं होतं. कल्पना आजचीच, फक्त पॅडला अस्तर तांब्याचं. धातूवर धातू घासून ते किंचाळायचं, आणि तेव्हाच्या रस्त्यांच्या धुळीत भराभर झिजायचं. कल्पनेला साजेसं घर्षण-साहित्यच तेव्हा नव्हतं, म्हणून ती कपाटात गेली.

त्यांच्या बाबतीत हे एकदाच घडलं नाही. विमानाच्या पंखाला उचल मिळते ती पंखाभोवती हवेच्या अभिसरणामुळे आणि टोकांशी भोवरे सुटतात, हे चित्र लँचेस्टर यांनी १८९४ मध्येच बर्मिंगहॅमच्या एका सभेत मांडलं. माणसाचं पहिलं इंजिनाचं विमान उडायला अजून नऊ वर्षं होती. तो निबंध लंडनमध्ये नाकारला गेला. १९०७ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, पण त्यांची गणिती भाषा इतरांना पचली नाही. पुढे जर्मनीत लुडविग प्रांट्ल यांनी तोच विचार नीट समीकरणांत बसवला आणि कीर्ती प्रामुख्यानं त्यांच्याकडे गेली. इंजिनाची थरथर मारणारा हार्मोनिक बॅलन्सर लँचेस्टर यांचा. युद्धात सैन्याचं बळ संख्येच्या वर्गानुसार वाढतं, हे सूत्रही त्यांचंच. त्यांच्या गाड्या आपल्याकडच्या संस्थानिकांच्या आवडत्या होत्या, अलवर आणि नवानगरच्या पागांत त्या होत्या. आणि १९४६ मध्ये हा माणूस गेला तेव्हा कंपवातानं आणि पैशाच्या ओढाताणीनं पुरता थकलेला होता. सहा वर्षांनी इटलीच्या रस्त्यावर त्यांची तबकडी धावली, हे पाहायला ते नव्हते. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

मिल्ले मिल्या म्हणजे हजार मैल. ब्रेशाहून रोमला जाऊन परत ब्रेशाला, सुमारे सोळाशे किलोमीटर, गावांतून, घाटांतून, चौकाचौकांत उभ्या लोकांच्या मधून. १९५५ मध्ये मॉस यांनी मर्सिडीज घेऊन ती १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत पुरी केली, सरासरी वेग ताशी १५७ किलोमीटरहून जास्त. शेजारी बसलेले पत्रकार डेनिस जेन्किन्सन यांनी आधी फिरून प्रत्येक वळणाची नोंद कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर केली होती. ती गुंडाळी एका डबीत फिरवत ते हातांच्या खुणांनी पुढचं वळण सांगत. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ती मर्सिडीज डिस्कवर नव्हे, ड्रमवर जिंकली. ड्रम इतके मोठे होते की चाकांत मावेनात, ते गाडीच्या पोटात बसवले होते. त्याच वर्षी ल मान्सला त्याच जातीच्या गाडीला चालकामागे उघडणारी एक मोठी फळी लावली, हवेच्या विरोधानं वेग मोडण्यासाठी. ड्रमचे दिवस भरत आले होते, याचा याहून मोठा पुरावा नको. १९५७ मध्ये एक टायर फुटला, रस्त्याकडेची मुलंमाणसं गेली आणि मूळ मिल्ले मिल्या संपली. थॉमसन रोडची शर्यतही १९७३ नंतर सरकारनं थांबवली. तिथेही माणसं गेली होती. दोन्ही निर्णय योग्यच होते.

आता पत्रातल्या प्रश्नाकडे. उन्हानं ब्रेक उकळले का? नाही. डिस्क ४०० अंशांना तापली असेल तर ३० अंशांच्या हवेत तिचा फरक ३७० चा, ब्रेशाच्या वसंतातल्या १५ अंशांच्या हवेत ३८५ चा. निवण्याच्या वेगात फरक जेमतेम चार टक्के. विषुववृत्ताचं ऊन ब्रेकच्या हिशेबात नगण्य आहे.

पण मेकॅनिकचा ‘उकळले’ हा शब्द बरोबर आहे. उकळलं ते ब्रेक ऑइल. पेडल तळाला जाणं, पंप केल्यावर थोडं सावरणं आणि निवल्यावर आपोआप घट्ट होणं, या तीन खुणा एकत्र आल्या की नळीत वाफेचे बुडबुडे झाले होते असं समजावं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पायाचा सगळा जोर बुडबुडे चेपण्यात जातो.

सौम्य चालवूनही ते उकळलं कसं? गुन्हेगार ऊन नाही, दमट हवा आहे. ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीचं असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. कोकणात श्रावणात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तसंच. सिंगापुरात बारा महिने श्रावणच, सरासरी आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास. रबरी नळ्यांतून, टाकीच्या झाकणाच्या भोकातून ओल आत जाते. डॉट ३ दर्जाचं कोरं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये, असा नियम आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० वर येते. दुसरं, त्याच ओलीनं कॅलिपरमधला पिस्टन गंजून अडकतो आणि पॅड डिस्कला चिकटून राहतो. पंधरा किलो उचलायला लागतो तेवढ्या जोरानं जरी ते चाक गाडीला सतत मागे ओढत असेल, तरी ताशी ५० किलोमीटरला दोन किलोवॉट उष्णता तयार होते. म्हणजे चाकात एक गिझर चालू. करपल्याचा वास आणि एकच चाक तापलेलं, यांचा अर्थ तो.

त्यात सिंगापूरच्या नियमाची भर. पस्तीस वर्षांहून जुन्या गाडीला तिथे ‘क्लासिक’ म्हणून सवलतीत नोंदता येतं, पण वर्षाला ४५ दिवसच रस्त्यावर आणता येते. उरलेले ३२० दिवस ती उभी राहून ओल पीत असते. धावणाऱ्या गाडीपेक्षा झाकलेल्या गाडीचे ब्रेक तिथे आधी म्हातारे होतात. सिलिकॉनचं ऑइल पाणी ओढत नाही म्हणून ते घाला, असा सल्ला सर्रास मिळतो. त्यात आलेलं पाणी मुरत नाही हे खरं, पण मग ते कॅलिपरच्या तळाशी थेंब होऊन बसतं, तिथेच गंजवतं आणि शंभर अंशांना उकळतं.

मी सिंगापूरच्या त्या वाचकांना एवढंच कळवलं : अडकलेला कॅलिपर उघडून पिस्टन आणि सील बदला, ऑइल पूर्ण काढून नवं भरा, एअर काढा, आणि गाडी चालो न चालो, ऑइल दर वर्षी बदला. परवा त्यांचा एक फोटो आला. कॅलिपरच्या निपलला लावलेली पारदर्शक नळी, खाली काचेची बाटली. बाटलीत तळाला कोऱ्या चहासारखं काळपट ऑइल, आणि नळीतून उतरणारं नवं, मधाच्या रंगाचं, त्यात एकही बुडबुडा नाही.