दोन जिवांची भाजी

अकोल्याच्या जुन्या शहरात घरोघरी अंबाडी शिजते. आंबटपणा उतरावा म्हणून ती उकडून, घट्ट पिळून पाणी मोरीत ओततात. घरात गर्भवती असेल तर त्या पाण्याबरोबर तिच्या कामाचं बरंच काही वाहून जातं.

१९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात होणाऱ्या विशिष्ट पंडुरोगाचं कारण ती शोधत होती. साध्या यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला घटक म्हणजे आजचं फॉलिक आम्ल, हिरव्या पाल्यातही असणारं. ते पाण्यात विरघळतं आणि फार शिजवलं की नष्ट होतं. म्हणून पालक, मेथी थोड्या पाण्यात, झाकण ठेवून शिजवावी. उरलेलं पाणी वरणात घालावं. अंबाडीही बेताच्याच पाण्यात उकडावी.

बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, बाईला दिवस गेल्याचं कळतं न कळतं तोच. त्यामुळे बाळाचा विचार असेल तर फॉलिक आम्लाची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच सुरू करावी.

पुढे लोहाची गोळी येते. तिच्यासोबत चहा नको, कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. भाकर आणि चहा ही आपल्याकडची सकाळची जोडी, पण चहातलं टॅनिन लोह अडवतं. निदान तासभर अंतर ठेवा, आणि वरणावर लिंबू पिळा. सासूबाईंनीच हे सांगितलं, तर सून लवकर ऐकेल.