विश्लेषण : व्यायाम सुरू केला, तरी वजन का वाढले?

थंडीची चाहूल लागली किंवा रक्ततपासणीच्या अहवालात साखरेचा आकडा ठळक अक्षरांत आला, की दादरचे शिवाजी पार्क, पुण्यातील तळजाई, कोल्हापूरचा रंकाळा येथे पहाटे नवे चेहरे दिसू लागतात. नवे बूट, मोबाइलवर पावले मोजणारे अॅप, साखरेविना चहा अशी सगळी तयारी असते. दोन-तीन आठवडे नेमाने चालून किंवा जिमला जाऊन झाल्यावर उत्सुकतेने वजनकाट्यावर पाय ठेवला, तर आकडा एक-दीड किलोने वाढलेला! घरातूनही ‘मग एवढे करून उपयोग काय?’ असा प्रश्न येतो आणि अनेकांचा व्यायाम तिथेच थांबतो. प्रत्यक्षात या टप्प्यावर काटा जे दाखवतो त्याचा चरबीशी फारसा संबंध नसतो. हे वजन येते कुठून, ते किती दिवस राहते आणि तोवर उत्साह कसा टिकवायचा, याविषयी...

सुरुवातीलाच वजन का वाढते?

या वाढीत सर्वात मोठा वाटा पाण्याचा असतो. शरीर तीन कारणांनी पाणी धरून ठेवते. पहिले कारण स्नायूंची दुरुस्ती. सवय नसलेला व्यायाम केला की स्नायूंच्या तंतूंना अतिसूक्ष्म इजा होते. ती भरून काढण्यासाठी तेथे दाह निर्माण होतो आणि द्रव साचतो. व्यायामानंतर एक ते तीन दिवस अंग दुखते, जिना उतरताना मांड्या भरून येतात, ते याच काळात. दुसरे कारण इंधनाचा साठा. स्नायू ग्लुकोज हे ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात. नियमित व्यायामाने हा साठा वाढतो आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी साठते. म्हणजे साठा १०० ग्रॅमने वाढला, तरी काट्यावर सुमारे ४०० ग्रॅमची भर पडते. तिसरे कारण रक्ताचे वाढलेले आकारमान. वेगाने चालणे, धावणे, सायकल चालवणे सुरू केल्यावर काही दिवसांतच रक्तातील द्रव भाग वाढतो. हृदयाला एका ठोक्यात अधिक रक्त ढकलता यावे आणि घामावाटे शरीर थंड राखता यावे, यासाठीची ही तयारी असते. तिन्ही कारणे मिळून एक-दीड किलोचा फरक सहज पडतो. ही शरीराने व्यायामाला दिलेली दाद असते.

मग हे स्नायूंचे वजन असते का?

‘चरबी गेली, स्नायू वाढले’ असा दिलासा जिममध्ये सर्रास दिला जातो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी तो बहुतांशी खरा नसतो. स्नायू इतक्या वेगाने तयार होत नाहीत. वजने उचलण्याचा व्यायाम नीट करणाऱ्या आणि पुरेशी प्रथिने खाणाऱ्या नवशिक्या व्यक्तीचे स्नायू महिन्याभरात अर्धा-एक किलोने वाढले, तर ती चांगली गती मानावी लागते. नुसते चालण्याने तेवढेही होत नाही. सुरुवातीला ताकद वाढल्यासारखी वाटते, ती मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंचा वापर अधिक चांगला करू लागल्यामुळे.

‘स्नायू चरबीपेक्षा जड असतात’ हे वाक्यही अर्धवट आहे. किलोभर स्नायू आणि किलोभर चरबी यांचे वजन सारखेच. फरक आकारमानाचा असतो. एक लिटर चरबीचे वजन सुमारे ९०० ग्रॅम, तर तेवढ्याच स्नायूंचे सुमारे एक किलो ६० ग्रॅम भरते. त्यामुळे काही महिन्यांनी चरबी घटून स्नायू वाढले, तर काटा जागचा हलत नाही, पण पँटचा पट्टा एका भोकाने आत जातो. 

चरबीच वाढली असण्याची शक्यता किती?

एका आठवड्यात एक किलो चरबी वाढायची, तर गरजेपेक्षा सुमारे ७,७०० उष्मांक म्हणजे किलोकॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. दिवसाला हे अकराशे उष्मांक होतात, म्हणजे नेहमीच्या जेवणाशिवाय रोज तीन-चार वडापाव. असे झाले असेल तर ते खाणाऱ्याच्या लक्षात येतेच. त्यामुळे आठवडाभरात दिसलेली किलोभर वाढ सहसा चरबीची नसते.

मात्र हळूहळू, महिन्याला अर्धा-एक किलो अशी वाढ होत असेल, तर आहाराकडे पाहावे लागते. ७० किलो वजनाच्या व्यक्तीने पाऊण तास झपाझप चालल्यास साधारण २०० उष्मांक खर्च होतात. फेरी संपल्यावर कट्ट्यावर गप्पा मारताना घेतलेली पोह्यांची बशी आणि गोड चहा ते सहज भरून काढतात. ‘आज चाललो आहे, एखादा जास्तीचा लाडू चालेल’ ही मनाची पळवाट असते. सकाळी व्यायाम केला म्हणून उरलेला दिवस खुर्चीत काढला, तरी हिशेब तोच.

शरीर स्वतःही काटकसर करते. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पॉन्झर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातील हाडझा या शिकारी समाजाचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. दिवसभर मैलोन्मैल चालणाऱ्या या लोकांचा एकूण ऊर्जाखर्च, शरीराचा आकार लक्षात घेतल्यावर, पाश्चात्त्य देशांतील बैठ्या लोकांच्या खर्चाइतकाच आढळला. म्हणून केवळ व्यायामाने वजन झपाट्याने उतरेल ही अपेक्षा चुकीची ठरते. वजन घटवण्यात आहाराचा वाटा मोठा असतो. 

वजन घटणार नसेल, तर व्यायाम कशासाठी?

याचे उत्तर पुण्यातील एका प्रसिद्ध उदाहरणातून मिळते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक, २२.३ होता. पण डेक्सा तपासणीत डॉ. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी आढळली. डॉ. युडकिन मॅरेथॉन धावणारे, तर आपले धावणे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी ते गाठण्यापुरतेच, अशी थट्टा डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचीच केली होती. जन्माच्या वेळचे कमी वजन हेही एक संभाव्य कारण त्यांनी नोंदवले. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हा ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून ओळखला जातो. काट्यावरचा आकडा शरीराच्या आतले फारसे सांगत नाही, विशेषतः भारतीयांच्या बाबतीत, हा त्याचा अर्थ.

व्यायामाचे फायदे वजन घटण्याची वाट पाहत नाहीत. एकदा केलेल्या व्यायामानंतरही पुढचा दिवस-दोन दिवस स्नायू रक्तातील साखर अधिक चांगली वापरतात. काही आठवड्यांत रक्तदाब थोडा खाली येतो, झोप सुधारते, विश्रांतीच्या वेळचे नाडीचे ठोके कमी होतात. वजन तेवढेच राहूनही पोटातील अवयवांभोवतीची चरबी व्यायामाने घटते, असे अभ्यासांत दिसले आहे. मधुमेह आणि हृदयविकाराशी अधिक निगडित असते ती हीच चरबी. शिवाय तिशीनंतर दर दशकात साधारण तीन ते आठ टक्के स्नायू कमी होतात. ती गळती रोखण्याचा मुख्य उपाय व्यायाम हाच आहे.

भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या २०२३ मधील अभ्यासाने मांडला. देशातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे, असे २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील अभ्यासातून पुढे आले. या परिस्थितीत केवळ काट्यावर रुसून व्यायाम सोडणे महागात पडणारे आहे.

मग मोजायचे काय आणि कसे?

वजन मोजायचेच असेल, तर ते सकाळी शौचानंतर, चहा-नाश्त्याआधी, एकाच काट्यावर मोजावे. आदल्या रात्रीचे खारट जेवण, लोणचे-पापड, जास्तीचा भात, बद्धकोष्ठता, मासिक पाळीपूर्वीचे दिवस यामुळे वजन एक-दोन किलोने वर-खाली होते. म्हणून एका दिवसाच्या आकड्यापेक्षा आठवड्याची सरासरी पाहावी. रोजच्या आकड्याने दिवस बिघडत असेल, तर आठवड्यातून एकदाच मोजणे बरे. चरबीचे टक्के दाखवणारे घरगुती स्मार्ट काटे शरीरातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतात. शरीरातील पाणी बदलले की तो अंदाजही बदलतो.

कंबरेचा घेर हे अधिक उपयोगी माप आहे. शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर, टेप न आवळता माप घ्यावे. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. हे माप महिन्यातून एकदा पुरे. लठ्ठपणाचे निदान केवळ बीएमआयवर न करता कंबरेच्या घेरासारख्या मापांचीही जोड द्यावी, अशी शिफारस ‘लॅन्सेट’च्या आंतरराष्ट्रीय आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये केली.

याखेरीज रोजच्या जगण्यातली मापे असतात. स्टेशनचा जिना न थांबता चढता येतो का, नेहमीची फेरी किती मिनिटांत होते, मांडी घालून बसल्यावर हाताचा टेकू न घेता उठता येते का, गेल्या वर्षीचा ब्लाउज किंवा शर्ट पुन्हा अंगाला येतो का? पहिल्या दिवशी याची नोंद करून ठेवली, तर महिन्याने तुलना करता येते.

तिसऱ्या आठवड्यात टिकून राहायचे कसे?

२१ दिवसांत सवय लागते, हा लोकप्रिय समज आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा १२ आठवडे माग घेतला. एखादी गोष्ट विचार न करता अंगवळणी पडायला त्यांना सरासरी ६६ दिवस लागले. व्यक्तीगणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयीपेक्षा व्यायामाची सवय लागायला अधिक वेळ गेला. मात्र मधला एखादा दिवस चुकल्याने सवयीचे फारसे नुकसान झाले नाही. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येणे हा मनाचा दुबळेपणा मानण्याचे कारण नाही. त्या वेळी सवय अर्धीही मुरलेली नसते.

त्यामुळे सुरुवातीचे ध्येय किलोंमध्ये ठेवू नये. ‘महिन्यात चार किलो’ हे आपल्या हातात नसते. ‘आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालणे’ हे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, हा मध्यम वेग. व्यायाम नेहमीच्या कामाला जोडला, जसे मुलांना शाळेच्या बसमध्ये बसवले की तसेच पुढे चालायला निघणे, तर आठवण करावी लागत नाही. सोबत कोणी असेल तर पावसाळी सकाळीही पाय घराबाहेर पडतो. घरच्यांनीही ‘किती उतरले?’ऐवजी ‘आज किती चाललात?’ असे विचारले, तर मोठा फरक पडतो. 

काट्याला निर्णय देण्यासाठी आठ ते बारा आठवडे द्यावेत. तोवर सुरुवातीची पाण्याची वाढ बहुधा स्थिरावलेली असते. तेव्हाही वजन आणि कंबर दोन्ही वाढतच असतील, तर व्यायाम सोडण्याऐवजी ताटात काय बदलले आहे ते पाहावे. त्यासाठी आठवडाभर खाल्लेले सगळे, चहाच्या साखरेसह, लिहून काढणे हा साधा उपाय आहे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

प्रत्येक वाढ निरुपद्रवी नसते. दोन-तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वजन वाढले आणि सोबत पायांवर सूज, धाप, उताणे झोपल्यावर श्वास कोंडणे अशी लक्षणे असतील, तर हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकाराची शंका घेऊन त्वरित तपासणी करावी. व्यायामानंतर असह्य अंगदुखी आणि काळ्या चहासारखी लघवी हे स्नायूंना गंभीर इजा झाल्याचे लक्षण असू शकते. सतत थकवा, थंडी न सोसणे, बद्धकोष्ठता यांसह वजन वाढत असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. स्टेरॉइड, इन्सुलिन आणि नैराश्यावरील काही औषधांनीही वजन वाढते. पण ही औषधे परस्पर बंद करू नयेत. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने अचानक घसरू शकते, त्यामुळे त्यांनी सुरुवात करण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे आणि फिरायला जाताना खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. छातीत दुखणे, चक्कर येणे असे काही जाणवल्यास व्यायाम तेथेच थांबवून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.