भिवपुरीची गाडी बर्फात नेताना

भिवपुरी, कर्जत, खालापूर या पट्ट्यातील मोटारींची ओळख असते ती उन्हाशी आणि पावसाशी. हिवाळ्यात येथे पहाटे गारवा जाणवतो. पण पारा शून्याच्या आसपासही उतरत नाही. रोहतांग खिंडीखालचा सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाल्यापासून मात्र हवामान साथ देईल तेव्हा भर हिवाळ्यातही मनालीहून लाहौलमध्ये जाता येते. स्वतःची गाडी घेऊन तेथे निघणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. येथे निर्धोक असलेल्या सवयी तेथे महागात पडतात आणि त्यांवरचे बहुतेक उपाय घर सोडण्यापूर्वीच करावे लागतात.

पहिली सवय रेडिएटरमधील पाण्याची. बोरघाट चढताना इंजिन तापले, की बाटलीतले साधे पाणी ओतून वेळ मारून नेली जाते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी प्रसरण पावते. बंद गाडीत रात्री ते गोठले, तर रेडिएटरच नव्हे, इंजिनचा ब्लॉकही तडकू शकतो. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही. तेव्हा निघण्यापूर्वी गॅरेजमध्ये जुने पाणी पूर्ण काढून योग्य प्रमाणातील कूलंट भरून घ्यावे. काच धुण्याच्या टाकीतही साधे पाणी ठेवू नये.

थंडीत इंजिन ऑइल घट्ट होते. डब्यावरील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे निदर्शक असून त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके ऑइल थंडीत अधिक प्रवाही. गाडीच्या पुस्तिकेत मुभा असेल, तर १५डब्ल्यूऐवजी ५डब्ल्यू श्रेणीचे ऑइल घालावे. याच वेळी बॅटरीची शक्तीही घटते. उणे १८ अंशांना ती जवळजवळ निम्मी उरते. म्हणजे इंजिन फिरवायला अधिक जोर लागतो, तेव्हाच तो कमी मिळतो. कर्जतमध्ये कशीबशी चालणारी जुनी बॅटरी तेथे पहिल्याच सकाळी मान टाकते. तिची तपासणी आधीच व्हावी.

डिझेलच्या बाबतीत मात्र उलटा नियम आहे. डिझेलमधील मेणासारखे घटक थंडीत गोठून फिल्टर तुंबवतात. म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल आणले. मैदानी प्रदेशात भरलेल्या डिझेलवर उंचावर रात्र काढू नये. पायथ्याशी पोहोचताना टाकी बरीचशी रिकामी राहील असे पाहावे आणि पुढे हिवाळी डिझेल मिळते का, याची चौकशी करून तेच भरावे. पेट्रोल गाड्यांना हा त्रास नसतो.

साधारण सात अंशांखाली नेहमीच्या टायरचे रबर कडक होऊन पकड सैल होते. बर्फात साखळ्या लागतात आणि त्या इंजिनची शक्ती ज्या चाकांना मिळते, त्यांनाच बांधायच्या असतात; आपल्याकडील बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची चाके असतात. त्या बांधण्याचा सराव भिवपुरीच्या अंगणातच करावा. तापमान व उंची दोहोंमुळे टायरमधील हवेचा दाब बदलत असल्याने तो तेथे टायर थंड असताना पुन्हा तपासावा. रात्री हॅण्डब्रेक गोठून अडकू शकतो. म्हणून सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत. काचेवरील बर्फावर गरम पाणी ओतू नये, काच तडकते.

सर्वांत मोठा धोका मात्र ऊब मिळवण्यातच दडलेला आहे. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांतील अनेकांचा बळी कार्बन मोनॉक्साइडने घेतल्याचे सांगण्यात आले. एक्झॉस्टचे तोंड बर्फाने बुजले, की हा वासरहित वायू गाडीत शिरतो. अडकल्यास आधी ते तोंड मोकळे करावे, इंजिन थोडा वेळच चालवावे, एक काच किंचित उघडी ठेवावी आणि इंजिन सुरू असताना कोणीतरी जागे राहावे. डिकीत फावडे, ब्लँकेट, टॉर्च, पाणी आणि कोरडा खाऊ असायलाच हवा. रस्ता बंद झाल्यावर तो कधी उघडेल, हे कोणालाच सांगता येत नाही.