आई-बाप नसलेलं मूल उपचाराला परदेशी जातं तेव्हा

मागच्या महिन्यात दोन ग्रामसंघांच्या बैठकीत एकच प्रश्न आला. "अनाथ पोरांना परदेशी नेऊन फुकट ऑपरेशन करून आणतात म्हणे, खरं असतं का हो?" ताई, खरं असतं. पण तिकीट आणि ऑपरेशन हा त्यातला सोपा भाग. अवघड काय असतं ते समजायला बेलारूस या देशातल्या मुलांची माहिती उपयोगी पडेल.

२६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात स्फोट झाला. चेर्नोबिल आज युक्रेनमध्ये येतं, तेव्हा तो सगळा सोव्हिएत संघ होता. किरणोत्सारी धुळीचा सर्वात मोठा वाटा शेजारच्या बेलारूसवर पडला. धूळ गवतावर, गवत गाईच्या पोटात, तिथून दुधात, आणि दूध लेकरांच्या पोटात. आपण दुभती जनावरं सांभाळणाऱ्या बाया, ही साखळी आपल्याला वेगळी समजवायला नको. त्या वेळी लहान असलेल्या हजारो जणांना पुढे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा कॅन्सर झाला. (तिथलं प्रत्येक अपंग मूल किरणोत्सारामुळेच तसं झालं, असं मात्र शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. फोटो बघून आपण तसं धरून चालतो.)

१९९० मध्ये क्यूबाने या भागातली मुलं हवानाजवळच्या तारारा या समुद्रकाठच्या गावी नेऊन मोफत उपचार सुरू केले. वीस वर्षं ते चाललं, वीस हजारांवर मुलं तिथे जाऊन आली. क्यूबा काही श्रीमंत देश नाही, हे विशेष. १९९१ मध्ये आयर्लंडमध्ये एडी रोश या बाईंनी काम सुरू केलं. त्यांच्या संस्थेमार्फत आजवर पंचवीस हजारांहून जास्त मुलं आयर्लंडला गेली. त्यात घरची मुलं होती, तशी अनाथालयातलीही होती. ठेवून घेणारी माणसं साधी, नोकरी-शेती करणारी. महिनाभर घरात ठेवायचं, चांगलं खाऊ घालायचं, दात-डोळे तपासून घ्यायचे, आणि गरज असेल त्याला दवाखान्यात दाखवायचं.

आता अवघड भाग. ऑपरेशनच्या आधी कागदावर सही लागते. घरच्या मुलाची सही आई किंवा बाप करतो. अनाथालयातल्या मुलाचा कायदेशीर पालक संस्था किंवा सरकार असतं. त्यामुळे पासपोर्ट, देशाबाहेर जायची परवानगी आणि उपचाराची संमती हे सगळं तिथून यावं लागतं. स्वयंसेवकाची माया कितीही असली तरी त्याची सही चालत नाही. दुसरं म्हणजे, उशाशी कोण बसणार? भाषा येत नाही, भूल उतरतेय, आणि ओळखीचं एकही तोंड समोर नाही. अशा वेळी दुभाषी लागतो आणि रात्रभर बसणारं माणूस लागतं. डॉक्टरांइतकंच हे कामही उपचारात मोजायला हवं, असं मला वाटतं.

आणि तिसरं, परत पाठवणं. २००६ मध्ये इटलीतल्या एका जोडप्याने त्यांच्याकडे आलेली बेलारूसच्या अनाथालयातली दहा वर्षांची मुलगी लपवून ठेवली. तिकडे तिचे हाल होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलगी सापडली, परत पाठवली गेली, आणि भांडण दोन देशांच्या सरकारांपर्यंत गेलं. २००८ मध्ये अमेरिकेत गेलेल्या एका मुलीने परत यायला नकार दिला. तेव्हा बेलारूसने मुलं बाहेर पाठवणंच थांबवलं. आयर्लंडसारख्या देशांना सरकारी पातळीवर लेखी करार करावा लागला, तेव्हा वाट पुन्हा उघडली. त्या जोडप्याची माया खोटी होती असं मी म्हणणार नाही. मुलीचे खरंच हाल होत असतील तर तिला परत धाडणं कोणाला जमेल? पण एका मुलासाठी नियम मोडला की रांगेतल्या बाकीच्या पोरांची वाट अडते, हेही तितकंच खरं.

पुढे कामाची दिशाही बदलली. मूल बाहेर नेण्याऐवजी माणसं आत जाऊ लागली. बेलारूसमध्ये वेस्नोवा इथे अपंग आणि अनाथ मुलांची संस्था आहे. तिथे आयर्लंडहून नर्स गेल्या, तसे गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियनही गेले. युक्रेनमध्ये खार्किव इथे विल्यम नोविक हे अमेरिकन सर्जन आपली टीम घेऊन जायचे आणि मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं तिथेच करायचे. मला हीच पद्धत जास्त पटते. पोराला देश सोडावा लागत नाही, आणि तिथले डॉक्टर शिकतात, म्हणजे टीम गेल्यावरही काम थांबत नाही.

आता आपल्याकडचं. आपल्या गावातलं असं मूल बहुतेक वेळा आजीकडे किंवा मामाकडे असतं, आणि त्याला परदेशी जायची गरज सहसा पडत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत आणि शाळेत येते. हृदयाला छिद्र, फाटलेला ओठ, वाकडी पावलं हे त्यात तपासतात आणि पुढचा उपचार मोफत होतो. टीम आली त्या दिवशी मूल घरी राहिलं तर मात्र राहून जातं, म्हणून आजीबाईंना आदल्या दिवशी सांगा. सांभाळण्यासाठी बालसंगोपन योजनेत महिन्याला २२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात जातो. आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले, मुलाचं आधार आणि बँक पासबुक आधी गोळा करा, कारण दाखल्यापाशीच गाडी अडते.

आणि कोणी अनोळखी माणूस "पोराला उपचाराला नेतो, एवढे पैसे भरा आणि इथे अंगठा द्या" म्हणाला, तर काहीही देऊ नका. अनाथ मुलाच्या ताब्याचा निर्णय जिल्ह्याची बालकल्याण समिती करते, एजंट नाही. शंका आली की १०९८ ला फोन लावा. पैसे लागत नाहीत आणि तो रात्रीही चालू असतो.