काळा मसाला, जपानी व्हिस्की आणि आपली गव्हाण

गेल्या दिवाळीत ऊसनोंदीची पाहणी करत आम्ही गटातल्या एका वस्तीवर थांबलो होतो. सभासदाचा भाचा जपानात नोकरीला असतो. सुट्टीवर येताना त्याने मामासाठी व्हिस्कीची बाटली आणलेली. मामांच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे बाटली फडताळातच पडून होती. भाच्याने तिची किंमत सांगितली, तसे मामा आमच्याकडे वळून म्हणाले, "साहेब, आपल्या मळीची बी व्हिस्कीच होती म्हणं. मग हिलाच एवढं मोल कशापायी?"

प्रश्न साधा होता, पण आम्हाला उत्तर देता आलं नाही. मग माहिती गोळा केली, ती इथं देत आहोत. दारूची भलावण करण्याचा हेतू नाही, हे माळकरी मंडळींनी ध्यानात घ्यावं.

मळी आणि माल्ट

मळीचा मद्यार्क गाळताना त्याचा वास आणि चव जितकी निघेल तितकी काढतात. ९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध केलेल्या मद्यार्काला स्वतःचा असा स्वाद उरत नाही. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत मुख्यतः असाच मद्यार्क असतो आणि चवीपुरता माल्ट. युरोपात व्हिस्की धान्याचीच असावी लागते, म्हणून मळीच्या मालाला तिथं ते नाव लावता येत नाही.

जपानी मिश्र व्हिस्कीत दोन जाती एकत्र येतात. पहिली माल्टची. आपण नाचणीला मोड आणून सत्व करतो, तसे सातूला मोड आणून वाळवतात, आंबवतात आणि तांब्याच्या भांड्यात गाळतात. ही चवीला भरदार. दुसरी मुख्यतः मक्याची, उंच स्तंभात गाळलेली, हलकी आणि मऊ. दोन्ही लाकडी पिंपात वर्षानुवर्षे मुरवतात. रंग आणि बराचसा स्वाद लाकडातून येतो. मिझुनारा नावाच्या जपानी ओक लाकडात दीर्घकाळ मुरलेल्या मालाला चंदनासारखा, उदासारखा वास येतो. वस्तीवर भाच्याने बूच काढलं तेव्हा आम्हालाही आधी मध, मग संत्र्याची साल आणि शेवटी देवघराची आठवण झाली.

मिश्रण म्हणजे भेसळ नव्हे

आपल्या घरी काळा मसाला कसा होतो ते आठवा. धने, खोबरं, तीळ, मिरची, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. दगडफूल चिमूटभरच, पण नसलं तर मसाला ओका लागतो. आणि खोबरं खवट निघालं, तर अख्खा डबा वाया.

जपानी मिश्रकाचं काम असंच आहे. स्कॉटलंडात कारखानदार एकमेकांशी मालाची अदलाबदल करतात. जपानात मोठ्या कंपन्यांची ती रीत नाही. म्हणून एकेक कारखाना निरनिराळी भांडी, निरनिराळी पिंपं वापरून अनेक तऱ्हेचा माल स्वतःच तयार करतो. १९८९ साली निघालेल्या 'हिबिकी' या मिश्र व्हिस्कीत यामाझाकी आणि हाकुशूचा माल्ट असतो, जोडीला चिता इथली धान्याची व्हिस्की. हिबिकी म्हणजे घुमणारा नाद. कोणतीही एक चव ओरडत नाही. जपानी लोक ती भरपूर पाणी घालून जेवणासोबतही घेतात, त्यामुळे पाण्यातही स्वाद टिकावा लागतो.

ही जाण एका दिवसात आलेली नाही. मासाताका ताकेत्सुरु हा तरुण १९१८ साली स्कॉटलंडला शिकायला गेला. त्याला हाताशी धरून शिंजिरो तोरी या व्यापाऱ्याने १९२३ साली यामाझाकीचा कारखाना सुरू केला. १९२९ साली पहिला माल बाजारात आला, तो लोकांना फार धुरकट लागला आणि खपला नाही. तेव्हा तोरींनी गिऱ्हाइकाला दोष दिला नाही, माल सौम्य केला. ताकेत्सुरु पुढं वेगळे झाले आणि १९३४ साली योइचीला त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. त्याच तोरींच्या सन्टोरी कंपनीने २०१९ साली भारतासाठी 'ओकस्मिथ' ही मिश्र व्हिस्की आणली. ती त्यांचे मुख्य मिश्रक शिंजी फुकुयो यांनी जुळवलेली आहे.

स्वतःवर घातलेला नियम

नाव झालं की नावावर पोट भरणारेही येतात. परदेशातला माल आणून, बाटलीत भरून, त्यावर 'जपानी' लिहून विकण्याचे प्रकार तिथं झाले. अखेर उत्पादकांच्या संघाने २०२१ साली आपणच नियम केला: पाणी जपानचं, गाळणी जपानात, लाकडी पिंपात किमान तीन वर्षे मुरवणी जपानात, बाटलीही तिथंच भरायची. एप्रिल २०२४ पासून तो पुरता लागू झाला. सरकारने काठी उगारली नव्हती. सभासदांनीच एकमेकांना घातलेलं हे बंधन होतं. सहकार याहून वेगळा काय असतो?

आता आपल्या गव्हाणीकडे पाहा. तिथं सगळ्यांचा ऊस एक होतो. भाव ठरतो तो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर, कुणा एकाच्या फडावर नाही. "माझ्या चार मोळ्यांनी काय बिघडतं?" असं आम्हाला शेतावर नेहमी ऐकायला मिळतं. खवट खोबऱ्यानं मसाल्याचं बिघडतं, तेच. तोडलेला ऊस उन्हात पडला की त्यातली साखर फुटू लागते. पाचट, वाढं आणि मुळीची माती साखर देत नाहीत, उलट रसातली साखर सोबत घेऊन जातात. जळका, शिळा ऊस एकाचा, आणि उतारा घटतो सर्वांचा.

तेव्हा यंदा एवढं पाळू. नोंद खऱ्या तारखेची द्यावी, पक्व झालेलाच ऊस तोडावा, जमिनीलगत तोडावा, साफ मोळी बांधावी आणि तोडल्यापासून चोवीस तासांत गव्हाणीत पडेल असं पाहावं. तोडणी टोळीची किंवा वाहनाची अडचण असेल, तर शेतकी खात्याला आधी कळवावं. वेळेवर वाहन मिळणं ही आमची जबाबदारी आहे, ती आम्ही नाकारत नाही.

मामांना आम्ही परवा हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे बाटली ऱ्हायली बाजूला, मोळी साफ बांधायची." आम्ही म्हणालो, अगदी तेच.