कडू भोपळा, सदाफुली आणि चिमूटभर हळद

गटाच्या बैठकांतून आमच्याकडे एक प्रश्न सारखा येतो. "झाडपाल्याचंच आहे, मग त्याने अपाय कसला होणार?" मोबाइलवर रोज नवा काढा, नवा रस, नवी पावडर येते आणि शेवटी हेच वाक्य असतं. आज आपण याच प्रश्नावर बोलू या.

आधी पानाफळांत गुण येतो कुठून, ते पाहू. शेळी आली, अळी आली, बुरशी आली, तरी झाडाला जागा सोडून पळता येत नाही. म्हणून ते आपल्या अंगातच रसायनं तयार करतं. मिरचीचा तिखटपणा, कारल्याचा कडूपणा, हिरड्याचा तुरटपणा ही सगळी त्याचीच रूपं. लसणाची अख्खी पाकळी फारशी वास मारत नाही, पण ठेचली की घरभर दरवळते. कारण पाकळी फुटल्यावरच तिच्यातले दोन घटक एकत्र येतात आणि तो उग्र पदार्थ तयार होतो. लसणाची ती संरक्षणाची सोय आहे.

अशी रसायनं आपल्या पोटात गेली की तिथेही काही ना काही काम करतात. त्यांना जैवसक्रिय घटक म्हणतात. नाव जड आहे, अर्थ सोपा आहे: पोट भरण्यापलीकडे शरीरावर परिणाम करणारे घटक. पण झाडाने ते आपल्यासाठी बनवलेले नाहीत, स्वतःसाठी बनवलेले आहेत. म्हणून त्यातले काही आपल्या उपयोगी पडतात, काही घातक ठरतात. आणि पुष्कळदा एकच घटक थोडा असला तर औषध, जास्त झाला तर विष असतो.

आता स्वयंपाकघरात येऊ. हळदीचा पिवळा रंग कुरकुमिन नावाच्या घटकाचा. शंभर ग्रॅम हळदीत तो साधारण तीन ग्रॅम असतो. तो पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात विरघळतो, आणि पोटातून रक्तात फार कमी जातो. 1998 मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी कुरकुमिनबरोबर काळ्या मिरीतला पायपरीन हा घटक दिला, तेव्हा रक्तात पोचणारं कुरकुमिन सुमारे वीसपट वाढलं. आपल्या फोडणीत तेल असतं, मसाल्यात मिरी असते. रोजच्या आमटीतली चिमूटभर हळद म्हणजे काही आजारावरचा उपचार नव्हे, पण ती जेवणात असावी आणि अशीच असावी.

आळूचं पाहा. आळूच्या पानात आणि देठात सुईसारखे टोकदार, अगदी बारीक स्फटिक असतात. ते घशाला टोचतात, म्हणून खाज येते. आपल्याकडे फदफद्यात चिंच किंवा आमसूल घालतात आणि भाजी नीट शिजवतात, ते त्यासाठीच. हे स्फटिक ज्या ऑक्झॅलेटपासून बनतात, त्यापासूनच बहुतेक मुतखडेही होतात. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे, त्यांनी आळू आणि पालक किती खायचा हे डॉक्टरांना विचारावं.

बायकांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट आता सांगतो. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. शेवग्याचा पाला, राजगिरा, बाजरी, कडधान्यं यांत लोह असतं. पण झाडातलं लोह आपल्या शरीराला सहज घेता येत नाही. त्याला सोबत लागते क जीवनसत्त्वाची. म्हणून पालेभाजी गॅसवरून उतरवल्यावर तिच्यावर लिंबू पिळा. आधी पिळलं तर शिजताना ते जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं. लिंबू नसेल तर जेवणाबरोबर आवळ्याची किंवा पेरूची फोड चालेल.

आणि चहा? चहाच्या पानात टॅनिन असतात. ते लोहाला धरून ठेवतात आणि रक्तात जाऊ देत नाहीत. भाकरी-भाजीवर लगेच कपभर चहा घेतला, तर भाजीतलं बरंच लोह वाया जातं. चहा सोडा असं आम्ही म्हणत नाही. शेतातून दमून आलेल्या बाईचा चहा कोण तोडणार? पण जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळीही चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या. रक्त कमी असेल तर गोळी चालूच ठेवायची. पालेभाजी तिला मदत करते, तिची जागा घेत नाही.

आता धोक्याच्या बाजूकडे वळू. दुधी भोपळा आपण किती साधा समजतो! पण दुधी, काकडी, दोडका या वेलांच्या कुळात क्युकरबिटॅसिन नावाची अतिशय कडू विषारी द्रव्यं तयार होऊ शकतात. माणसाने पिढ्यानपिढ्या गोड फळांचं बी राखून त्यांचं प्रमाण कमी केलं. तरी एखाद्या वेलाला कधी कडू दुधी लागतो. तोंडाला कडू लागूनही "कडू म्हणजे गुणकारी" असं समजून त्याचा रस पिणाऱ्यांना रक्ताच्या उलट्या, जुलाब झाले आहेत, रक्तदाब एकदम उतरला आहे. आपल्या देशात काही जण दगावलेही आहेत. यावर उतारा म्हणून कुठलंही औषध नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने साधा उपाय सांगितला: कापल्यावर छोटा तुकडा चाखा. कडू लागला तर थुंका आणि सगळा भोपळा फेकून द्या. शिजवला म्हणून कडू भोपळा बिनधोक होत नाही. दुधीच्या रसात दुसरे रस मिसळू नका, कारण त्यात कडूपणा लपतो. पिऊन मळमळ किंवा पोटात दुखायला लागलं तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. कारलं मात्र मुळातच कडू. त्याचा कडूपणा वेगळ्या घटकांचा आहे, दोन्हींची गल्लत करू नका.

दुसरी गोष्ट सदाफुलीची. कुंपणाजवळ, तुळशीशेजारी ही असतेच. साखरेच्या आजारावर तिची पानं किंवा फुलं सकाळी चावून खाणाऱ्या बायका गावोगाव आहेत. 1950 च्या दशकात कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी याच समजुतीची परीक्षा घेतली. साखरेवर विशेष फरक दिसला नाही, पण प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या. या शोधातून व्हिनब्लास्टिन आणि पुढे व्हिनक्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधं मिळाली. रक्ताचा कर्करोग झालेली कितीतरी लेकरं आज या औषधांमुळे वाचतात. त्या झाडाचं हे मोठं देणं आहे. पण नीट समजून घ्या: ग्रॅमभर औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात आणि डॉक्टर ते मिलिग्रॅमने मोजून, रक्त तपासत देतात. आपण पान तोडून चावतो, तेव्हा त्यात काय आणि किती आहे याचं माप आपल्याकडे नसतं. सदाफुली दारात असू द्या, पोटात नको.

तिसरी गोष्ट गुळवेलीची. कोरोनाच्या काळात घरोघर तिचा काढा झाला. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असेल, असं त्यांचं म्हणणं होतं. वाद तज्ज्ञांचा आहे, पण आपल्यासाठी दोन्ही बाजूंतून धडा एकच निघतो: वेल ओळखल्याशिवाय घेऊ नका आणि महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने पिऊ नका. अंगाला खाज, डोळे पिवळे, लघवी गडद झाली तर काढा थांबवून डॉक्टरांना दाखवा.

भाजी म्हणून खाणं आणि अर्क, कॅप्सूल, पावडर म्हणून घेणं यांत फार फरक आहे. हळद, मेथी, कारलं ताटात असलं तर त्याचं प्रमाण आपोआप मर्यादेत राहतं. डबीत तेच अनेकपट झालेलं असतं. मेथीदाण्यातला चिकट चोथा जेवणातली साखर हळूहळू रक्तात जाऊ देतो, हे खरं. पण साखरेच्या गोळ्या चालू असताना वरून मेथीचं किंवा कारल्याचं औषध घेतलं, तर साखर एकदम खाली उतरून घेरी येऊ शकते. आणि गोळी बंद करून नुसता काढा घेतला, तर साखर नकळत वाढून डोळे, मूत्रपिंड, पाय यांवर बेतते.

पुढच्या बैठकीत गटाने एवढं करावं. प्रत्येकीने घरात कोण कोणता काढा, पावडर घेतं ते सांगावं, आणि त्यातलं जे औषधाच्या गोळ्यांबरोबर चालू आहे ते आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी विचारल्याशिवाय कुठलाही काढा घेऊ नये. आवारात, बांधावर एरंड किंवा मोगली एरंड असेल तर मुलांना त्याच्या बिया दाखवून सांगावं, की या खायच्या नाहीत. त्या शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि उलट्यांनी बेजार होतात.

रानातली भाजी ओळखणाऱ्या आजी अजून गावात आहेत. कुठला कंद राखेच्या पाण्यात उकळायचा, कुठल्या पाल्याचं पहिलं पाणी टाकायचं, हे त्यांना ठाऊक आहे. कुठलं पान कोणाला, किती आणि कसं, हे जाणणं म्हणजेच झाडपाल्याचं ज्ञान. त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा.