लेसर डायोड चालक मंडल
लेसर डायोड चालक मंडल : लेसर डायोडला नियंत्रित व मर्यादित विद्युत् प्रवाह पुरविणारे इलेक्ट्रॉनीय मंडल. गॅलियम आर्सेनाइडाचा पहिला लेसर डायोड १९६२ मध्ये रॉबर्ट हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत चालविला. त्यासाठी तो द्रवरूप नायट्रोजनाने थंड करून स्पंदरूप प्रवाह द्यावा लागे. सामान्य तापमानास अखंड चालणारे डायोड १९७० मध्ये सिद्ध झाले. पुढे ते स्वस्त झाल्यावर हौशी प्रयोगकर्तेही अशी मंडले घरी बांधू लागले [→ लेसर].

स्थिर प्रवाहाची आवश्यकता : ठराविक सीमा प्रवाहापर्यंत डायोडमधून केवळ मंद प्रकाश निघतो, त्यापुढे लेसर क्रिया सुरू होऊन प्रकाशशक्ती प्रवाहाच्या जवळजवळ समप्रमाणात वाढते. डायोडवरील विद्युत् दाब किंचित वाढला, तरी प्रवाह पुष्कळ वाढतो. शिवाय डायोड तापला की त्याच प्रवाहासाठी लागणारा दाब कमी होतो. म्हणून स्थिर दाबाच्या उद्गमास तो सरळ जोडल्यास प्रवाह व उष्णता एकमेकांना वाढवीत नेतात. प्रकाशशक्ती मर्यादेबाहेर गेल्यास स्फटिकाची आरशासारखी टोके क्षणार्धात जळतात. यामुळे दाब नव्हे, तर प्रवाह नियंत्रित करावा लागतो.

घरगुती मंडल : एलएम ३१७ हे दाबनियंत्रक संकलित मंडल यासाठी सोयीचे असते. ते आपल्या निर्गम व समायोजन या अग्रांमध्ये सु. १·२५ व्होल्ट दाब कायम राखते. या अग्रांमध्ये रोधक जोडून समायोजन अग्रापासून डायोडला प्रवाह दिल्यास तो १·२५ भागिले रोध इतका राहतो. उदा., ३९ ओहम रोधकाने सु. ३२ मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. चल रोधक वापरल्यास त्याच्याशी एकसरीत स्थिर रोधक असावा. म्हणजे चल रोधक शून्यावर आला, तरी प्रवाह कमाल मर्यादा ओलांडीत नाही. सु. २·२ व्होल्ट दाब लागणाऱ्या तांबड्या डायोडसाठी उद्गम किमान ६ व्होल्टांचा असावा लागतो. जादा दाबाची उष्णता नियंत्रकात निर्माण होते.

काही डायोडांच्या आवरणातच प्रकाश मोजणारा फोटोडायोड असतो. त्याच्या संकेतानुसार प्रवाह बदलून प्रकाशशक्ती स्थिर ठेवता येते. मात्र डायोड तापल्यावर असे मंडल प्रवाह वाढवीत जाते. म्हणून त्यातही प्रवाहमर्यादा आवश्यक असते.

जोडणी व चाचणी : घरगुती मंडलांत डायोड बहुधा अखंड चालताना नव्हे, तर जोडणीच्या वा सुरू होण्याच्या क्षणी निकामी होतो. भार नसताना मंडलातील धारित्र उद्गमाच्या दाबापर्यंत भारित होते आणि डायोड जोडताच त्यात रिकामे होते. यासाठी मंडल प्रथम कृत्रिम भारावर तपासतात. काही सिलिकॉन डायोड व १ ओहम रोधक एकसरीत जोडले, की रोधकावरील प्रत्येक मिलिव्होल्ट एक मिलिअँपिअर प्रवाह दर्शवितो. नंतर उद्गम बंद करून, धारित्र रिकामे करूनच लेसर डायोड डाखतात. तोपर्यंत त्याची अग्रे परस्परांस जोडून ठेवतात. कारण शरीरावरील स्थिर विद्युत्ही त्यास घातक ठरते. उलट दाबापासून रक्षणासाठी साधा डायोड विरुद्ध दिशेने समांतर जोडतात.

सुरक्षितता : डोळ्याचे भिंग लेसर शलाका दृष्टिपटलावर सूक्ष्म बिंदूत एकत्र करते, त्यामुळे काही मिलिवॉट शक्तीचीही शलाका सरळ पाहणे धोक्याचे असते. अवरक्त शलाका दिसत नसल्याने पापणी मिटण्याची स्वाभाविक प्रतिक्रियाही होत नाही व धोका वाढतो. प्रबळ डायोडांसाठी त्या तरंगलांबीचा प्रकाश अडविणारा चष्मा वापरणे व शलाकेच्या मार्गातून चकचकीत वस्तू दूर करणे अत्यावश्यक आहे.